गप्पी मासा: नाव कुणाचं, गाव कुठलं, आणि आपल्या हौदात तो करतो काय

पावसाळा लागला की जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते: 'डासोत्पत्ती रोखण्यासाठी गप्पी मासे सोडले.' सोबत फोटो. त्यात सरपंच, वैद्यकीय अधिकारी, दोन आशाताई आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं पाणी डबक्यात ओतणारा एक हात. मासे फोटोत दिसत नाहीत, कारण ते आहेतच जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे.

बातमी वाचणाऱ्याला हा मासा आपल्याकडचाच वाटतो. नावही कसं, गप्पिष्ट आणि गप्पीदास यांच्या भावकीतलं. प्रत्यक्षात या माशाचा गप्पांशी काडीचाही संबंध नाही. गप्पी हे एका इंग्रज माणसाचं आडनाव आहे, तो माणूस कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर शाळा तपासायचा, आणि मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याकडचा. नाव मराठी कानाला इतकं सहज बसलं की तो पाहुणा आहे हेच आपण विसरलो. तो आपल्या विहिरीत कसा आला, खरंच डास कमी करतो का, आणि ओढ्यात सोडायला जाणकार विरोध का करतात, या प्रश्नांची उत्तरं बरीचशी त्या विसरण्यात अडकली आहेत. म्हणून आधी नावाचं पाहू.

शाळा तपासणारे साहेब

रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांचा जन्म १८३६ सालचा, लंडनचा. बालपण इंग्लंडमध्ये, आजी-आजोबांकडे गेलं. आई-वडील मात्र ट्रिनिदाद बेटावर. विशीत पोचण्याआधीच हे गृहस्थ घर सोडून जहाजावर चढले. जहाज न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर फुटलं. जीव वाचला, आणि पुढची सुमारे दोन वर्षं त्यांनी तिथल्या माओरी लोकांत काढली. मग ते आई-वडिलांकडे ट्रिनिदादला आले आणि तिथलेच झाले. १९१६ साली वारले तेही त्याच बेटावर.

पोटापाण्याची नोकरी शिक्षण खात्यात, शाळातपासनीस म्हणून. जीव मात्र दगडमातीत रमलेला. बेटाचं भूशास्त्र आणि जुन्या शंख-शिंपल्यांचे जीवाश्म हा त्यांचा खरा अभ्यास. त्यावर त्यांनी पुष्कळ लिहिलं. मासे हा त्यांचा विषय कधीच नव्हता. ओढ्यात दिसलेले काही बारीक मासे त्यांनी बाटलीत भरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, एवढंच. त्या काळी वसाहतीतला कुठलाही हौशी निसर्ग-अभ्यासक असं करायचा. आयुष्यभर जीवाश्मांवर घासलेली लेखणी बाजूला राहिली आणि पाठवलेल्या एका बाटलीने नाव जगभर नेलं, हा नशिबाचा खेळ मला फार गमतीचा वाटतो.

म्युझियममध्ये माशांचा विभाग सांभाळायचे अल्बर्ट ग्युंथर. ते म्युझियममधल्या सगळ्या माशांची आठ खंडांची प्रचंड यादी तयार करत होते. १८६६ मध्ये त्यांनी ट्रिनिदादहून आलेल्या या माशाला नवी जात ठरवलं आणि नमुने पाठवणाऱ्याच्या मानार्थ नाव दिलं: गिरार्डिनस गप्पी. स्वतःचं नाव स्वतःच्या शोधाला देणं शिष्टसंमत मानत नाहीत, पण दुसऱ्याने दिलं तर तो सन्मान असतो.

एकाच माशाची तीन बारशी

इथे एक घोळ होता. ग्युंथर यांनी नवा म्हणून नोंदवलेला मासा नवा नव्हताच.

सात वर्षं आधी, १८५९ मध्ये, बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्स यांनी व्हेनेझुएलातल्या काराकस शहराजवळच्या ग्वायरे नदीतून आलेल्या माशांचं वर्णन छापलं होतं आणि त्यांना पॅसिलिया रेटिक्युलाटा म्हटलं होतं. पॅसिलिया म्हणजे रंगीबेरंगी, रेटिक्युलाटा म्हणजे जाळीदार. मादीच्या अंगावरच्या खवल्यांच्या कडा गडद असतात, त्यांची बारीक जाळी दिसते. हौदातली मादी जवळून पाहिली की हे नाव लगेच पटतं. मग १८६१ मध्ये इटलीच्या दे फिलिप्पी यांनी बार्बाडोस बेटावरचे मासे पाहून तिसरंच नाव ठेवलं, लेबिस्टेस पॅसिलिऑइडेस. तीन देशांतले तीन विद्वान, तीन ठिकाणांहून आलेल्या बाटल्या, आणि मासा एकच.

तिघांना दोष देण्यात अर्थ नाही. या माशाचा नर आणि मादी शेजारी ठेवले तरी वेगळ्या जातीचे वाटावेत इतका त्यांच्यात फरक. मादी मोठी आणि करडी, नर तिच्या निम्म्याने आणि अंगावर नारिंगी, काळे, निळसर ठिपके. त्यात एका नराचे ठिपके दुसऱ्याशी जुळत नाहीत.

असा गोंधळ झाला की प्राणिशास्त्रात एक नियम लावतात. त्याला अग्रहक्क म्हणतात: ज्याने रीतसर वर्णनासह नाव आधी छापलं, त्याचं नाव कायम. मोजणी १७५८ पासून होते, कारण त्या साली आलेल्या, लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्या प्राण्यांच्या यादीपासून हे दोन शब्दी नामकरण सुरू झालं असं मानतात. या नियमाने पीटर्स जिंकले. तरी पूर्ण निकाल लागायला शंभरेक वर्षं गेली. १९१३ मध्ये रेगन या ब्रिटिश तज्ज्ञाने पीटर्सचा दुसरा शब्द घेतला पण पहिला दे फिलिप्पींचा ठेवला, म्हणून जुन्या पुस्तकांत लेबिस्टेस रेटिक्युलाटस असं नाव सापडतं. १९६३ मध्ये रोझेन आणि बेली यांनी सगळ्या गोतावळ्याची फेरमांडणी केली आणि मासा पुन्हा पॅसिलिया रेटिक्युलाटा झाला. आज शास्त्रीय नाव तेच आहे. गप्पी साहेबांचं नाव अधिकृत कागदांतून कधीच बाद झालं.

मग आपण अजून गप्पी का म्हणतो?

गावाकडे एखादी जमीन तीन वेळा विकली जाते, सातबारावर नवं नाव चढतं, आणि तरीही लोक तिला 'पाटलाचा मळा'च म्हणतात. इथेही तेच झालं. ग्युंथर यांचं नाव बाद ठरेपर्यंत ते काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्या हौशी लोकांच्या तोंडी बसलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात ही हौस जोरात होती आणि हा मासा त्यात आवडता ठरला: लहान, रंगीत, स्वस्त, मरता मरत नाही. अभ्यासकांनी कागदावर काय बदललं याची पाळणाऱ्याला फिकीर नव्हती.

बार्बाडोसच्या लोकांनी तर या भानगडीत न पडता त्याला सरळ 'मिलियन्स' म्हटलं. लाखोंनी असतो म्हणून. माशाच्या स्वभावाचं याहून नेमकं वर्णन कुठल्याच शास्त्रज्ञाने केलं नाही.

डास खाणाऱ्या दुसऱ्या एका परदेशी माशाचं नाव तर आणखी मजेशीर आहे. गॅम्बुशिया हा शब्द क्यूबाच्या फेलिपे पोए यांनी १८५४ मध्ये वापरात आणला. त्यांच्याकडच्या बोलीत 'गांबुसिनो' म्हणजे काहीच नाही, फुकाची गोष्ट. दिवसभर गळ टाकून हात हलवत परतलेल्याला विचारलं की तो म्हणायचा, गांबुसिनो धरले. आपल्याकडे गप्पी नसले की आरोग्य खातं जे सोडतं, ते हे गांबुसिनो.

आपल्या माशांना मात्र आपलीच नावं

इथे थोडं आडवळण घेतो, कारण उलटं उदाहरण आपल्या दारात आहे. कर्नल विल्यम हेन्री साईक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी. दख्खनभर फिरून त्यांनी माणसं, पिकं, भाव, पाऊस आणि प्राणी, सगळ्यांची नोंद केली. १८३९ मध्ये त्यांनी दख्खनच्या माशांची वर्णनं लंडनला छापली, आणि नावं देताना साहेबलोकांची आडनावं थोडीच वापरली. बरीचशी नावं धरणाऱ्यांच्या तोंडची जशीच्या तशी उचलली. म्हणून आपल्या महसीर माशाचं शास्त्रीय नाव आजही टोर खुदरी आहे. कोलूस, बोग्गट, फुलुंगी, नुक्ता हे शब्द जगभरच्या शास्त्रीय याद्यांत कायमचे जाऊन बसले आहेत. ओढ्यात दगडाखाली चिकटून बसणारा, हनुवटीखाली चकतीसारखं चोषक असलेला मळ्या तुम्ही पाहिला असेल. त्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. म्हणजे टोकियोतल्या अभ्यासकालाही या माशाबद्दल लिहायचं तर मराठी शब्द लिहावाच लागतो.

थोडक्यात, मराठी वाटणारा गप्पी इंग्रज निघाला आणि लॅटिन वाटणारा मुल्या आपला निघाला. नावावरून मूळ ओळखायला गेलं की फसायला होतं. हा मळ्या लेखात पुढे पुन्हा लागणार आहे.

हौदाजवळ उभं राहून पाहिलं तर

अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात 'गप्पी मासे पैदास केंद्र' अशी पाटी लावलेला सिमेंटचा हौद असतो. पाणी हिरवट, वर शेवाळ. सावली पडली की मासे पांगतात, दोन मिनिटं हलू नका, परत येतात. मोठ्या करड्या माद्या संथ फिरत असतात. त्यांच्या पोटाच्या मागच्या बाजूला एक काळसर डाग दिसतो. तो जितका गडद आणि पोट जितकं फुगीर, तितकी वीण जवळ. बारीक नर एका जागी ठरत नाहीत. मादीसमोर येऊन अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवतात, थरथरतात, ती वळली की पुन्हा समोर जाऊन तेच. दिवसभर दुसरा उद्योग नाही.

हा मासा अंडी घालत नाही. नराचा पोटाखालचा एक पर नळीसारखा झालेला असतो, त्यातून वीर्य मादीच्या पोटात जातं. अंडी आतच फुटतात आणि पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. साधारण तीन ते चार आठवड्यांनी एक वीण, एका वेळी वीस-चाळीस पिल्लं, कधी त्याहूनही जास्त. पिल्लं अडीच-तीन महिन्यांत वयात येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मादी एकदा मिळालेलं वीर्य कित्येक महिने साठवून ठेवते. नर जवळ नसला तरी वितच राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा. ओढ्याच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे.

आता तोंड पाहा. ते वरच्या बाजूला उघडणारं असतं, पृष्ठभागावरचं टिपण्यासाठी. डासाची अळी श्वास घ्यायला वर येते. क्युलेक्स नावाच्या डासाची अळी पृष्ठभागाला शेपटी टेकवून डोकं खाली करून लोंबकळते, ॲनॉफिलिसची पृष्ठभागाला समांतर आडवी पडते. दोघींनाही वर यावंच लागतं. अळी वळवळली की मासा वळतो, एक टिपणं, संपलं. पाण्यात प्राणवायू कमी असला तर हाच मासा पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून श्वास भागवतो, म्हणून इतर मासे जिथे मरतील अशा गटारातही तो तग धरतो.

तो इथे आला कसा?

ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. त्याआधी हिवताप खराब हवेमुळे होतो अशी समजूत होती. आता शत्रू कळला, आणि ब्रिटिश साम्राज्यभर अळ्या मारायचे उपाय शोधणं सुरू झालं.

त्याच सुमारास एक गोष्ट पसरली होती: बार्बाडोसला हिवताप नाही, आणि तिथे ते 'मिलियन्स' मासे आहेत, म्हणजे मासेच डास संपवतात. झालं, मासे डब्यांत भरून वसाहतींकडे निघाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ते भारतात पोचले. गॅम्बुशिया मागून, १९२८ मध्ये इटलीतून आला.

या तर्कात भोक होतं. बार्बाडोसवर हिवताप नव्हता, कारण तो पसरवणारे ॲनॉफिलिस डासच तिथे नव्हते. १९२७ मध्ये ते बेटावर पोचले आणि मासे असूनही साथ आली. फुकटचं श्रेय मिळालेला हा मासा तोवर अर्ध्या जगात रवाना झालेला होता.

मुंबईत प्रश्न विहिरींचा होता. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातल्या हिवतापावर अहवाल दिला आणि बोट ठेवलं विहिरींवर: ॲनॉफिलिस स्टिफेन्सी हा डास घराघरांतल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो. विहिरी बुजवा किंवा झाका, असं सांगितलं गेलं. पण कित्येक विहिरी धर्मकार्याच्या, लोक ऐकेनात. अशा जागी मासे हा मधला मार्ग होता. मुंबई महापालिकेचा कीटकनाशक विभाग आजही गप्पी वापरतो.

'एक मासा दिवसाला शंभर अळ्या खातो', खरं का?

सरकारी मार्गदर्शक सूचनांत आकडा असा आहे: पूर्ण वाढलेला एक गप्पी चोवीस तासांत ८० ते १०० अळ्या खातो, आणि गॅम्बुशिया १०० ते ३००. खोटं नाही. फक्त हा उपाशी पोटी, समोर नुसत्या अळ्या असतानाचा आकडा आहे. गटारात मासा काही अळ्यांवरच जगत नाही. शेवाळ आहे, कुजलेला गाळ आहे, इतर किडे आहेत, लोकांनी टाकलेला भात आहे. पोट भरलेलं असलं की अळ्यांचा वाटा कमी होतो.

दुसरा मुद्दा मोजण्याचा आहे. पाण्यातल्या अळ्या कमी होणं आणि गावातले रुग्ण कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने अळी खाणाऱ्या माशांवरचे अभ्यास तपासले. निष्कर्ष असा की काही जागी मासे अळ्या कमी करतात, पण त्यामुळे हिवतापाचे रुग्ण कमी झाले हे दाखवणारा विश्वासार्ह अभ्यास हाती नाही. म्हणजे उपाय फोल ठरला असं नव्हे. तपासलाच गेला नाही. शंभर वर्षं चाललेल्या कार्यक्रमाबद्दल हे ऐकून मला तरी आश्चर्य वाटलं.

उलट बाजूही आहे. कंबोडियाच्या खेड्यांत घरोघरी पाण्याचे मोठे रांजण असतात. तिथे गावकऱ्यांनीच गप्पी वाढवून रांजणांत सोडले; २००८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अळ्यांचा प्रादुर्भाव ७९ टक्क्यांनी घटल्याचं नोंदलं आहे. भांडं बंदिस्त, दुसरं खाद्य नाही, आणि घरातलं कुणीतरी रोज पाहणारं. गप्पी तिथे काम करतो.

गप्पी सोडूनही डेंग्यू का होतो?

कारण सोडले गटारात, आणि डेंग्यूचा डास गटारात नसतो. एडिस स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो: कुंडीखालची ताटली, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर, नारळाची करवंटी, अर्धवट झाकलेलं पिंप. गटारातला क्युलेक्स रात्री कानाशी गुणगुणतो आणि हत्तीरोग पसरवतो. तो कमी झाला तर चांगलंच, पण डेंग्यूचा हिशोब वेगळा आहे.

करवंटीत मासा सोडता येत नाही. शिवाय एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, पाणी आटलं तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून तपासणीला आलेले आरोग्यसेवक 'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा' असं सांगतात तेव्हा पुढचं वाक्यही ऐका: भांडं नुसतं उपडं करायचं नाही, आतून घासायचं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. दर आठवड्याला घासलं की साखळी तुटते.

जे रिकामं करता येत नाही, म्हणजे बांधीव हौद, वापराच्या पाण्याची मोठी टाकी, बांधकामावरचं क्युरिंगचं टाकं, कारंजं, पडीक विहीर, तिथे मासा खरा उपयोगी.

प्यायच्या पाण्यात मासे? शी!

ही शी रास्त आहे. मासा पाण्यात खातो तसा हागतोही. प्यायचं पाणी घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवलं की तिथे डासही जात नाही आणि माशाचीही गरज नाही. गप्पी वापराच्या पाण्यासाठी. विहिरीचं पाणी प्यायला घेत असाल तर मासे असोत-नसोत, गाळून उकळूनच घ्यावं लागतं.

पण एक विसंगती पाहण्यासारखी असते. आरोग्य विभाग विहिरीत गप्पी सोडतो आणि ग्रामपंचायत शुद्धीकरणासाठी त्याच विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर टाकते. क्लोरीन माशांना विषारी. नळाच्या ताज्या पाण्यातही तेच. हौदात मासे सोडण्याआधी पाणी दिवसभर उघडं राहू द्यायचं ते यासाठी.

ओढ्यात सोडले तर बिघडलं कुठे?

'इवलासा तर मासा आहे, खाईल चार अळ्या' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आता ती वीर्य साठवणारी मादी आठवा. २०११ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात अभ्यासकांनी मोठ्या टाक्यांत प्रत्येकी एकच गाभण मादी सोडली. दोन वर्षांनी पाहिलं तर ८६ टक्के टाक्यांत गप्पींची वस्ती टिकून होती. एका मादीपासून. मूळ प्रदेशाबाहेर किमान ६९ देशांत हा मासा स्थिरावला आहे, त्यामागे हेच गणित आहे.

शिवाय तो नव्या जागेशी झपाट्याने जुळवून घेतो. ट्रिनिदादच्या उत्तरेकडच्या डोंगरात धबधब्यांखाली शिकारी मासे जास्त आणि वर जवळजवळ नाहीत. खाली गप्पी नर फिके, वर भडक. कारण भडक दिसला की खाल्ला जातो, आणि शिकारी नसेल तिथे माद्या भडक नरांना पसंत करतात. १९७६ मध्ये जॉन एंडलर यांनी खालचे मासे उचलून वरच्या, शिकारी नसलेल्या ओढ्यात नेले. अवघ्या दोन वर्षांत नरांच्या अंगावरचे ठिपके वाढले. उत्क्रांती म्हटलं की आपण लाखो वर्षं धरून चालतो, इथे ती दोन पावसाळ्यांत मोजता आली. पुढे डेव्हिड रेझनिक यांनी दाखवलं की अशा हलवलेल्या माशांचं वयात येण्याचं वय आणि पिल्लांचा आकारही बदलतो. शास्त्रज्ञांना हा मासा जीव की प्राण आहे तो यासाठी. आणि ओढ्यात सोडायला नको तोही यासाठीच.

सह्याद्रीच्या ओढ्यांत कितीतरी मासे असे आहेत की जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. ते वर्षातून ठरावीक काळात अंडी घालतात, पिल्लं उघड्यावर वाढतात. बारमाही विणारा गप्पी त्यांचं खाद्य खातो, अंडी आणि कोवळी पिल्लंही सोडत नाही. वाहत्या, मासे असलेल्या ओढ्यात डासांच्या अळ्या मुळात फारशा नसतात. मळ्याचा शेजार बिघडवून तिथे हाती काय लागणार?

आपल्याकडे अळी खाणारे देशी मासे नाहीत असंही नाही. ॲप्लोकायलस गटातले मासे, डोक्यावर चकचकणारा ठिपका असलेले आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत पोहणारे, गोवा-कोकणात परिचयाचे आहेत. १९९० च्या दशकात गोव्यात ॲनॉफिलिस स्टिफेन्सीविरुद्ध यांपैकीच ॲप्लोकायलस ब्लॉकी आणि अळ्या मारणारा एक जिवाणू यांची प्रत्यक्ष चाचणी झाली होती. तरी गप्पीच चालतो, कारण तो हौदात आपोआप वाढतो, पोसायला खर्च नाही आणि पिशवीत भरून नेला तर वाटेत मरत नाही. खात्याच्या दृष्टीने हे तीन गुण पुरेसे आहेत, आणि त्यात त्यांचं फार चुकतं असंही मला वाटत नाही, जोवर मासा भिंतीच्या आत आहे.

मग करायचं काय?

घरी किंवा सोसायटीत बांधीव टाकी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, शहरात असाल तर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात. मासे फुकट मिळतात. प्रमाण साधारण पाण्याच्या दर मीटर लांबीमागे ५ ते १०. त्यांना पोळी, बिस्किटं घालू नका, मग अळ्या कोण खाणार? टाकीचं पाणी ओसंडून नाल्यात जात असेल तर तोंडाला बारीक जाळी बसवा. दुकानातले लांब शेपटीचे शोभेचे गप्पी या कामाला घेऊ नका. ती शेपटी दिसायला छान, पोहायला ओझं.

आणि घर बदलताना काचेच्या पेटीतल्या गप्पींचं काय करायचं हा प्रश्न पडला तर ते नदीत 'सोडून देणं' ही भूतदया ठरत नाही. ज्या आरोग्य केंद्रात पैदासीचा हौद आहे तिथे नेऊन द्या. देण्याआधी पाण्याचं तापमान जुळवायला पिशवी पंधरा-वीस मिनिटं हौदात तरंगत ठेवा.